गहू सोडला आणि पोट शांत झालं: दोष ग्लूटेनचा की फ्रुक्टानचा?

‘गव्हाचं सगळं बंद केलं, पंधरा दिवसांत पोट शांत झालं. म्हणजे मला ग्लूटेन चालत नाही.’ आयबीएसचा, म्हणजे आतड्याला इजा दिसत नसतानाही पोट वारंवार दुखण्या-फुगण्याचा आणि शौच बिघडण्याचा, त्रास असलेल्यांच्या तोंडी हे वाक्य वारंवार येतं. अनुभव शंभर टक्के खरा असतो, पण निष्कर्ष पुष्कळदा चुकतो. गहू सोडला की एका वेळी दोन गोष्टी ताटातून जातात. एक ग्लूटेन, म्हणजे प्रथिन. दुसरी फ्रुक्टान, म्हणजे कर्बोदक. बरं नेमकं कशामुळे वाटलं, हे त्या पंधरा दिवसांवरून कळूच शकत नाही.

या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते हातानं तपासता येतं. मैद्याचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहा. आधी दुधासारखं पांढरं पाणी निघतं. हळूहळू ते निवळतं आणि मुठीत एक चिवट, ताणला की रबरासारखा मागे येणारा गोळा उरतो. तो बहुतांशी ग्लूटेन. फ्रुक्टान पाण्यात विरघळणारं, त्यामुळे ते बहुतेक सगळं त्या पांढऱ्या पाण्याबरोबर वाहून गेलेलं असतं.

शरीरातले त्यांचे मार्गही निराळे आहेत. ग्लूटेनचा गंभीर प्रश्न म्हणजे सीलिएक. यात रोगप्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे बिथरते आणि लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला चढवते. अन्नरस शोषणारे बारीक अंकुर झिजतात. मग लोह कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, वजन उतरतं. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या अनेकांना तो आहे हे ठाऊकही नसतं, कारण पोट फुगणं, कळा आणि जुलाब ही लक्षणं आयबीएससारखीच दिसतात.

फ्रुक्टान कुठल्याही अवयवाला इजा करत नाही. ती फ्रुक्टोजच्या कणांची साखळी आहे आणि ती तोडणारं पाचकद्रव्य कुणाच्याच शरीरात नाही, तुमच्या नाही आणि पोटाची कधी तक्रार नसलेल्या माणसाच्याही नाही. साखळी जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. तो सगळ्यांच्याच पोटात होतो. आयबीएसमध्ये आतड्याच्या संवेदना तीव्र असतात, म्हणून वायूच्या ज्या ताणाची दुसऱ्याला जाणीवही होत नाही तोच इथे कळ बनतो. ‘सगळं मनाचं आहे’ असं ऐकून घेतलेल्या प्रत्येकाला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं: दुखणं खरंच असतं.

2018 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सीलिएक नाही हे पक्कं झालेली, तरीही ग्लूटेन सोसत नाही म्हणून आपणहून ते सोडलेली 59 माणसं त्यात होती. त्यांना आळीपाळीनं सात-सात दिवस तीन प्रकारच्या वड्या दिल्या: एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही. कोणती कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं. सर्वाधिक त्रास 24 जणांना फ्रुक्टानच्या आठवड्यात झाला, 13 जणांना ग्लूटेनच्या, आणि 22 जणांना ज्यात काहीच नव्हतं त्या वडीच्या. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. त्रास होणार या धास्तीनंही आतडं आवळतं, म्हणून एका वाईट दिवसावरून एखादा पदार्थ कायमचा बाद करू नये.

घरच्या घरी फरक ओळखायची खूण कांदा-लसणात आहे. त्यांत ग्लूटेनचा अंशही नाही, फ्रुक्टान मात्र ठासून भरलेलं. गहू बंद असताना कांदा घातलेलं सूप आणि भात खाल्लात आणि रात्री पोट डब्ब झालं, तर संशयाची सुई फ्रुक्टानकडे वळते. मात्र त्रास लगेच होत नाही, काही तास जातात. त्यामुळे लोक शेवटच्या घासाला दोष देतात आणि खरा अपराधी दुपारच्या जेवणात असतो. म्हणून काय खाल्लं आणि त्रास कधी झाला, हे वेळेसकट वहीत लिहून ठेवायचं.

‘ग्लूटेनमुक्त’ शिक्का पाहून निर्धास्त होणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. अशा बऱ्याच पदार्थांत तंतू वाढवायला इन्युलिन किंवा चिकोरीचं मूळ घालतात, आणि ते फ्रुक्टानच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गहू सोडण्याआधी सीलिएकची रक्ततपासणी करून घ्या. ही तपासणी आणि पुढे लागलीच तर आतड्याचा तुकडा तपासणं, दोन्ही ग्लूटेन खाण्यात असतानाच भरवशाची ठरतात. सोडून महिने झाले असतील तर तपासणी खोटी ‘ठीक’ येऊ शकते. मग डॉक्टर काही आठवडे पुन्हा ग्लूटेन खायला सांगतात आणि बरा झालेला माणूस परत तळमळतो. शौचातून रक्त, विनाकारण उतरणारं वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर खाण्याचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

तपासणी निर्धोक आली की प्रयोगाला हात घालायचा, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या मदतीनं. दोन ते सहा आठवडे फ्रुक्टान आणि तशाच आंबणाऱ्या इतर शर्करा कमी. पोट शांत झालं की एकेक गट परत आणायचा: तीन दिवस, रोज थोडं वाढवत, बाकी जेवण तेच ठेवून. गहू आणि लसूण वेगवेगळे तपासा, दोन्हींत फ्रुक्टान असलं तरी एक सोसतं आणि दुसरं नाही असं होतं.

निकालाचा अर्थही दोघांसाठी वेगळा. सीलिएक असेल तर जन्मभर कणभरही ग्लूटेन नको, चाकूला लागलेला पावाचा चुराही नको. फ्रुक्टानचा त्रास असेल तर सगळा खेळ प्रमाणाचा. अख्खा पाव बाधेल, एखादा तुकडा बाधणार नाही. पीठ खूप वेळ नैसर्गिक आंबवणानं फुगवलेला पाव बऱ्याच जणांना चालतो, कारण आंबवताना जिवाणू बरंचसं फ्रुक्टान आधीच खाऊन टाकतात. लसणाची चवही सोडावी लागत नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या, वास सुटला की काढून टाकायच्या. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो.