ग्राफिक्स कार्डांच्या गेमिंग कामगिरीची तुलना

ग्राफिक्स कार्डांच्या गेमिंग कामगिरीची तुलना : डेस्कटॉप संगणकात बसवायची निरनिराळ्या उत्पादकांची ग्राफिक्स कार्डे एकाच गेममधील एकच प्रसंग सारख्या परिस्थितीत किती वेगाने, किती सलग आणि किती अचूक उमटवतात, हे मोजण्याची पद्धती. या तीन अंगांपैकी वेगाचा आकडा सर्वांत सहज मिळतो, म्हणून बहुतेक तुलना तेवढ्यावरच थांबतात. परंतु उरलेल्या दोन अंगांवाचून तो आकडा दिशाभूल करू शकतो.

डेस्कटॉपसाठीच्या ग्राफिक्स चिपची रचना आज मुख्यतः तीन कंपन्या करतात. एनव्हिडियाची जीफोर्स मालिका १९९९ पासून आहे. एएमडीची रेडिऑन मालिका मूळची एटीआय कंपनीची असून ती कंपनी एएमडीने २००६ मध्ये विकत घेतली. इंटेलची आर्क डेस्कटॉप कार्डे २०२२ मध्ये आली. आसुस, एमएसआय, सफायर इत्यादी कंपन्या या चिपभोवती आपापली कार्डे बांधतात. एकाच चिपच्या अशा कार्डांत वेगाचा फरक सहसा किरकोळ असतो; पंख्याचा आवाज आणि तापमान यांत मात्र तो जाणवतो.

चिपच्या छापील वैशिष्ट्यांवरून दोन कंपन्यांची तुलना करता येत नाही. २०२० मध्ये आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ३०८० ची गणनक्षमता सुमारे २९.८ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अपूर्णांकी गणिते), तर त्याच वर्षीच्या रेडिऑन आरएक्स ६८०० एक्सटीची सुमारे २०.७ टेराफ्लॉप होती. तरीही नेहमीच्या चित्रणात, विशेषतः १४४०पी रिझोल्यूशनला, दोन्ही कार्डे जवळजवळ बरोबरीने चालत. याचे कारण रचनेत आहे. आरटीएक्स ३०८० मधील निम्म्या गणन एककांना अपूर्णांकांबरोबर पूर्णांकांची गणितेही करावी लागतात, आणि गेममध्ये अशी गणिते बरीच असल्याने छापील क्षमता पूर्णपणे हाती लागत नाही. उलट आरएक्स ६८०० एक्सटीमध्ये १२८ मेगाबाइटचा मोठा कॅशे (चिपमधीलच जलद स्मृती) असल्याने मुख्य स्मृतीकडे जाण्याच्या फेऱ्या कमी होतात. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढून चित्र रेखाटण्याची पद्धत) सुरू करताच मात्र आरटीएक्स ३०८० स्पष्टपणे पुढे जाई.

वेग प्रति सेकंद फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांच्या, संख्येत सांगतात. ६० फ्रेमची सरासरी म्हणजे प्रत्येक फ्रेमला सरासरी १६.७ मिलिसेकंद; पण मधूनच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद अडली तर सरासरी फारशी हलत नाही, डोळ्यांना मात्र धक्का जाणवतो. २०११ च्या सुमारास परीक्षकांनी प्रत्येक फ्रेमचा स्वतंत्र वेळ तपासायला सुरुवात केली आणि त्यातूनच सर्वांत संथ १ टक्का फ्रेमवर आधारलेला वेग सरासरीबरोबर देण्याची रीत रूढ झाली. या क्षेत्रातील ही सर्वांत मोलाची सुधारणा मानायला हवी.

मोजणीत प्रोसेसर आड येऊ नये, ही दुसरी अट आहे. १०८०पी रिझोल्यूशनला एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ४केला सुमारे ८३ लाख. कमी रिझोल्यूशनला वेगवान कार्ड आपले काम उरकून प्रोसेसरची वाट पाहते आणि असमान कार्डे समान भासतात. म्हणून चाचणीसाठी उपलब्धांपैकी सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात. यातही एक अडचण आहे : ड्रायव्हर (कार्ड चालवणारी संगणकप्रणाली) प्रोसेसरवर टाकत असलेला भार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. इंटेल आर्क बी५८० जुन्या प्रोसेसरबरोबर लक्षणीय मंदावते, हे वेगवान प्रोसेसरवरील चाचण्यांतून दिसलेच नव्हते.

प्रतिमेची तपासणी का हवी, हे २००१ मध्ये दिसून आले. एटीआयच्या रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर क्वेक ३ हा गेम त्याच्या फाइलच्या नावावरून ओळखत असे आणि पोताची (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांची) प्रत घटवून वेग वाढवत असे. फाइलचे नाव बदलताच वेग उतरला व चित्र सुधारले. आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. कार्डाची स्मृती अपुरी पडली की काही गेम पोत निमूटपणे पुसट करतात; त्यामुळे ८ गिगाबाइटचे कार्ड आलेखावर १६ गिगाबाइटच्या कार्डाइतकेच वेगवान दिसू शकते.

एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही तंत्रे कमी रिझोल्यूशनचे चित्र वाढवून दाखवतात, आणि त्यांच्या चित्राची प्रत सारखी नसते. म्हणून मूळ रिझोल्यूशनवरील निकाल पायाभूत धरून या तंत्रांचे निकाल वेगळे देणे योग्य ठरते. फ्रेम जनरेशनने (दोन मूळ फ्रेमच्या मधे अंदाजाने नवी फ्रेम घालण्याच्या तंत्राने) मिळालेल्या जादा फ्रेम तर मूळ फ्रेमच्या पंक्तीला बसवूच नयेत, कारण त्यांनी हालचाल नितळ दिसली तरी खेळाडूच्या कृतीला मिळणारा प्रतिसाद जलद होत नाही.

अनेक गेमचे निकाल एकत्र करताना भूमितीय मध्य (सर्व आकड्यांच्या गुणाकाराचे, जितके आकडे तितक्या घाताचे मूळ) घेतात. साध्या सरासरीत ४०० फ्रेमने चालणारा एखादा हलका गेम बाकीच्यांना झाकून टाकतो. निकालासोबत ड्रायव्हरची आवृत्ती नोंदवणेही आवश्यक असते. आर्क कार्डांचा डायरेक्टएक्स ९ (गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची जुनी आवृत्ती) वरील जुन्या गेममधील वेग बाजारात येताना कमकुवत होता आणि पुढील काही महिन्यांत केवळ ड्रायव्हर बदलून तो पुष्कळ वाढला. त्यामुळे त्या कार्डांच्या सुरुवातीच्या चाचण्या आज जशाच्या तशा वापरता येत नाहीत.