मुलाकात बंद, मग भेटायचं कसं?

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचं सांगतो ना, भुकेल्याला खायला दिलं, उघड्याला कपडे दिले, आजाऱ्याची विचारपूस केली, त्यातच बंदिवानाकडे जाणंही येतं. नुसती लांबून प्रार्थना करा असं नाहीये तिथे, उठून जायचंय. आणि साथ आली की नेमकं हेच अवघड होऊन बसतं.

हे काही कोरोनाने नवीन आणलं नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘तुरुंगाचा ताप’ या नावाचाच आजार होता, म्हणजे टायफस. 1750 ला लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात तो कैद्यांसोबत आला आणि लॉर्ड मेयर, दोन जज धरून पन्नासच्या वर माणसं गेली. कोर्टात सुगंधी झाडपाला ठेवायचे, कारण दुर्गंधीने रोग होतो अशी समजूत, तो उवांमुळे पसरतो हे कळायला विसावं शतक उजाडलं.

या असल्या तुरुंगांत जॉन हॉवर्ड आपणहून शिरला. देवभीरू माणूस, 1756 मध्ये स्वतः फ्रेंचांच्या कैदेत राहिलेला, 1773 ला बेडफर्डशायरचा शेरीफ झाला आणि बघतो तर काय, निर्दोष सुटलेली माणसंसुद्धा जेलरची फी भरता येत नाही म्हणून आतच! मग गावोगावचे तुरुंग पालथे घातले. कपड्यांना इतका वास मारायचा की बंद घोडागाडीत बसवेना म्हणून घोड्यावरून फिरायचा, आणि नोंदवहीची पानं तास-दोन तास विस्तवासमोर पसरून ठेवल्याशिवाय हातात धरवत नसत. 1774 ला पार्लमेंटने दोन कायदे केले, एक फीबद्दल, दुसरा भिंतींना चुना, हवा, आजाऱ्यांसाठी वेगळी खोली, डॉक्टर वगैरे. 1790 ला खेरसोनमध्ये (आजच्या युक्रेनमधलं शहर) एका रुग्णाला बघायला गेला आणि ताप येऊन तिथेच वारला.

2020 मध्ये मात्र दारच बंद. मार्चमध्ये इटलीत भेटी थांबवल्यावर तुरुंगांत दंगे पेटले, 13 कैदी मेले. त्यानंतर महिन्याभरात गुड फ्रायडेला पोप फ्रान्सिसनी क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसावरच्या मरणाचे चौदा टप्पे, म्हणजे स्थानं, आठवत करायची प्रार्थना) रोममधल्या नेहमीच्या कलोसियमऐवजी रिकाम्या सेंट पीटर्स चौकात केली, आणि चौदा स्थानांवरची चिंतनं इटलीतल्याच पादुआच्या तुरुंगाशी जोडलेल्या लोकांनी लिहिली होती. कैदी, कैद्याची आई, जन्मठेप झालेल्याची मुलगी, पोलीस, जज, आणि खून झालेल्या एका मुलीचे आईबापही. मला हे शेवटचं फार मोठं वाटतं, बाकी सगळं एका बाजूचं झालं असतं.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 23 मार्च 2020 लाच गर्दी कमी करायला राज्यांना समित्या नेमायला सांगितलं, तरी मे मध्ये आर्थर रोडच्या बराकींत शंभराहून जास्त कैद्यांना लागण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एल्गार परिषद प्रकरणात रांचीहून अटक होऊन तळोजा तुरुंगात आले फादर स्टॅन स्वामी, जेसुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, वय 83, पार्किन्सन्स. झारखंडमधल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी कोर्टात गेलेला माणूस आता स्वतः कच्चा कैदी. हात थरथरतात, ग्लास धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागितला तर उत्तर द्यायलाच तपास यंत्रणेने 20 दिवस घेतले. आतून लिहिलेल्या पत्रात मात्र स्वतःचं रडगाणं नाही, सोबतचे गरीब कैदी, ज्यांना आपल्यावर आरोप काय तेही माहीत नाही, त्यांच्याबद्दल लिहिलं. मे 2021 च्या शेवटी कोर्टाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलला हलवायला सांगितलं, तिथे कोरोना निघाला. 5 जुलैला हायकोर्टात जामिनाची सुनावणी होती, तिथेच डॉक्टरांनी सांगितलं की फादर गेले.