बेशरम काढा, नाळी ठेवा

तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर धरण आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरलं की गाळपेराची जमीन उघडी पडते. खानदेशातल्या अशा ओल्या काठांवर दोन भाऊबंद वनस्पती वाढतात: नाळी आणि बेशरम. दोघींची प्रजाती एकच, आयपोमिया. फुलंही सारखीच, फिकट जांभळी, कर्ण्याच्या आकाराची. देठ मोडून पाहा. दोन्ही पोकळ, दोन्हींतून पांढरा चीक येतो.

फरक वाढण्यात आहे. नाळी पाण्यावर पसरते, तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. बेशरम मात्र पुरुषभर उंच झुडूप होऊन उभं राहतं. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. आपल्याकडे ते कुंपणाला लावलं गेलं आणि नाल्यानाल्यांतून पसरलं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पण चाऱ्याच्या टंचाईत शेळ्या ते खातात आणि काहींना त्याची चटकच लागते. त्यातलं स्वेन्सोनाइन हे विष पेशींतलं एक विकर बंद पाडतं. मग न पचलेल्या शर्करा मज्जापेशींत साठतात, शेळी थरथरते, तिचा तोल जातो.

नाळी देशी असली तरी तिचा देशीपणा जागेपुरता. अमेरिकेत तीच उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे.

जलपर्णीही दक्षिण अमेरिकेचीच. तिची जाड चादर पाण्यातला उजेड अडवते, खालचा प्राणवायू घटतो. तिला बळ मिळतं ते सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून. केळीला नत्र भरपूर लागतं. पिकानं न घेतलेलं नत्र पावसाबरोबर नाल्यात उतरतं. हे थांबलं नाही, तर कितीही जलपर्णी उपसा, ती परत येणारच.

तळं साफ करताना जेसीबीनं सगळाच हिरवा काठ खरवडला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. लव्हाळ्याची मुळं गाळ धरून ठेवतात, पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी घरटं करते. पाणकणीसही गाळ आणि खत वाढलं की सगळं पाणी व्यापतं, हे खरं. तिथे तेवढं विरळ करावं, मुळासकट संपवू नये.

बेशरम मात्र पावसाळ्याआधी मुळासकट उपटावं. कापलेली कांडी ओल्या मातीवर पडली तरी पेरापेराला मुळं फुटतात आणि नाल्यात टाकलेली कांडी तरंगत जाऊन खालच्या गावात रुजते. म्हणून ढीग पाण्यापासून लांब, कोरड्या बरड जागी घालावा आणि कांडी कडकड मोडेपर्यंत वाळू द्यावा.