बोर्डिंगपासून बँक खात्यापर्यंत : विज्ञान-गणिताची पदवी आणि कोल्हापूर

गरीब घरातला मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी.ला प्रवेश घेते, पण तिसऱ्या वर्षाच्या निकालात तिचं नाव नसतं. विद्यार्थी मध्येच गळण्याचा हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. त्याचं पहिलं ठोस उत्तर याच शहरानं सव्वाशे वर्षांपूर्वी दिलं होतं.

राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झालं, पण खेड्यातल्या मुलाला फीपेक्षा मोठी अडचण होती ती राहण्या-जेवणाची. राजर्षी शाहू महाराजांनी आधी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिलं. पण त्या काळच्या जातिभेदात ते टिकलं नाही. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा राखणारा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामाही याच काळातला. शिकून पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. जातवार बोर्डिंग ही त्या काळाची तडजोड होती आणि तिच्या मर्यादा उघड आहेत. पण त्या इमारतींत फक्त भाकरी मिळत नव्हती. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला गणित समजावत होता, पुस्तक चौघांत फिरत होतं, आणि कुणी दोन दिवस अभ्यासाला बसला नाही तर ते लगेच लक्षात येत होतं. आम्हाला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि पुढे हळूहळू हातची गेली तीही हीच.

कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं. ‘कमवा आणि शिका’ त्यांनीच रुजवली. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झालं, आणि विद्यापीठानंही ही योजना उचलली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याचं गणित मात्र इथे थोडं वेगळं बसतं. कला शाखेचा विद्यार्थी दुपारी मोकळा होतो. बी.एस्सी.वाल्याचं सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकल बुडालं की जर्नल (प्रयोगवही) अपुरं राहतं, जर्नल सर्टिफाय झालं नाही की प्रॅक्टिकल परीक्षा अडते. गगनबावडा किंवा राधानगरीकडून रोज येणाऱ्याला शेवटच्या एसटीचाही हिशेब असतो. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, पण स्टँडपासून कॉलेजपर्यंत केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, खर्च वेगळा. त्यामुळे दुकानात किंवा पेट्रोल पंपावर अर्धवेळ काम धरलं की पहिला बळी प्रॅक्टिकलचा जातो.

दरम्यान सरकारी मदत वाढत गेली. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठीची ईबीसी फी सवलत आली आणि ग्रामीण महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी कॉलेजात पोहोचली. आज शिक्षण शुल्काच्या मोठ्या योजनेला राजर्षी शाहूंचंच नाव आहे. फरक एवढाच की मदत इमारतीतून निघून बँक खात्यात गेली. खात्यात पैसे येतात, शेजारी बसून अभ्यास करणारा येत नाही.

आणि पैसेही सरळ येत नाहीत. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला निघतो. एकापेक्षा जास्त खाती असतील तर रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते बहुतेक वेळा आई-वडिलांनी कधीतरी उघडलेलं बंद पडलेलं खातं असतं. राजर्षी शाहू शुल्क योजनेत कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो, हे तिसऱ्याला प्रवेशानंतर कळतं. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो, आणि तो विसरणाऱ्यांत दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सर्वांत जास्त. उपाय साधा आहे: प्रवेशाच्याच दिवशी कार्यालयात आधार-बँक जोडणी तपासायची आणि दाखल्याची तारीख पाहायची. दहा मिनिटांचं काम आहे, पण ऑक्टोबरात केलं तर महिने जातात.

रकमेचंही बघा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ च्या नियमांनुसार साध्या पदवीला निर्वाह भत्ता वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ६,००० रुपये आणि घरून येणाऱ्यास ३,०००. कोल्हापुरात खानावळीचे मोजके महिनेही त्यात निघत नाहीत. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे आणि ती खास मूलभूत विज्ञानासाठीच आहे, पण तिचा मुख्य रस्ता बारावीला बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येण्याचा. आजरा-चंदगडच्या कनिष्ठ महाविद्यालयातून, प्रयोगशाळा जेमतेम पाहून आलेल्यांपैकी फार थोडे तिथे पोहोचतात.

गळती नेमकी कुठे होते? बहुधा पहिल्याच सत्रात, आणि गणितात सर्वांत ठळकपणे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी इंग्रजीतून पण सूत्रं पाठ करून. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी लिमिटची व्याख्या समोर येते: आधी कोणताही एप्सिलॉन (उत्तरात चालणारा फरक) दिला, मग त्याच्यासाठी डेल्टा (x किती जवळ ठेवायचा ते अंतर) शोधायचा. विद्यार्थी हा क्रम उलटा धरतो, सगळ्या एप्सिलॉनना पुरणारा एकच डेल्टा हुडकत बसतो, उत्तर येत नाही, आणि आपल्याला गणित जमत नाही असं ठरवून मोकळा होतो. चूक एका वाक्यातली असते. शेजारी कुणी असतं तर पाच मिनिटांत सुटली असती. त्याऐवजी ती पुढच्या कंटिन्युइटीत, मग रिअल अॅनालिसिसमध्ये जाते आणि एटीकेटीचे विषय साठत जातात.

हेच निदान अमेरिकेत गणितज्ञ उरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कले विद्यापीठात केलं. कॅल्क्युलसमध्ये नापास होणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत करत होते, पण एकेकटे. उत्तम करणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः सोडवून मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत होते. ट्राइसमन यांनी कच्च्यांसाठी वर्ग काढला नाही. उलट वर्गातल्यापेक्षा अवघड गणितं देऊन गट बसवले, आणि निकाल बदलला. पुढे १९९८ च्या कायद्याने अमेरिकेत एच-वन-बी व्हिसाच्या (परदेशी तज्ज्ञांना कामावर घेण्याच्या परवान्याच्या) शुल्कातला एक वाटा अल्प उत्पन्न गटातल्या विज्ञान-गणित विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला लावला गेला. म्हणजे आपल्याकडच्या अभियंत्यांसाठी कंपन्या जे भरतात, त्यातून तिकडची गरीब मुलं शिकतात. नॅशनल सायन्स फाउंडेशन ही तिथली सरकारी संस्था हा कार्यक्रम चालवते. कॉलेजला नुसती रक्कम वाटता येत नाही, प्राध्यापकांचं मार्गदर्शन आणि बरोबरीच्यांची तुकडी यांचीही आखणी द्यावी लागते. आपल्याकडे १९९३ पासून चालणारं एमटीटीएस हे उन्हाळी गणित शिबिरही याच वाटेचं: राहणं-जेवण मोफत, आणि व्याख्यान ऐकण्यापेक्षा फळ्यापाशी उभं राहून स्वतः सिद्धता मांडण्यावर भर.

कोल्हापुरातल्या कॉलेजला यासाठी नवी योजना लागत नाही. ‘कमवा आणि शिका’चे काही तास बागकाम-कार्यालयाऐवजी गट चालवण्याला द्यावेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, पहिल्या वर्षाचे पाच-सहा, आठवड्यातून दोनदा दोन तास, तेही प्रॅक्टिकल नसलेल्या दुपारी, म्हणजे एसटी चुकत नाही. कमावणाऱ्याला पैसे मिळतात, त्याचं स्वतःचं पहिल्या वर्षाचं गणितही पक्कं होतं. चार ठिकाणी हे बिघडतं. नोटिशीवर ‘कमकुवत विद्यार्थ्यांसाठी’ लिहिलं की कुणी येत नाही. मोठा विद्यार्थी फळ्यावर उत्तरं उतरवू लागला की शिकवणी होते. पहिल्या चाचणीनंतर सुरू केलं तर उशीर झालेला असतो. आणि नुसती मागच्या परीक्षेतली गणितं दिली तर पाठांतर चालू राहतं.

नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. ज्याला खरंच नोकरी धरायची आहे त्याला हा आधार आहे. पण पैशापायी किंवा एप्सिलॉनपायी सोडणाराही आता कागदावर यशस्वी दिसेल. म्हणून शुल्क सवलत घेणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी कॉलेजनं वेगळी ठेवावी, आणि तीन वर्षांनी पदवीच्या निकालाशी नावानिशी ताडून पाहावी. दोन्ही याद्या कार्यालयात असतातच. एक शिष्यवृत्तीच्या टेबलावर, दुसरी परीक्षा विभागात.