मगावरच्या फोटोची वंशावळ

वाढदिवसाला काय द्यावं सुचलं नाही की हल्ली पुण्यात फोटोचा मग ठरलेला. तुळशीबागेच्या आसपासच काय, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही तो मिळतो. मोबाइलच्या जमान्यातलं खूळ वाटतं खरं, पण त्याची मुळं १८५४ सालापर्यंत जातात.

त्या वर्षी पॅरिसच्या दिझ्देरी या फोटोग्राफरने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे फोटो स्वस्त पडत, त्यामुळे लोक ते एकमेकांना देऊ लागले. त्याच वर्षी लाफाँ द कामार्साक या दुसऱ्या फ्रेंच माणसाने फोटो चिनीमातीवर भाजून पक्का करण्याची रीत पेटंट केली. म्हणजे आपल्या मगाचा खापरपणजोबाच. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तीही १८५४ मध्येच.

तेव्हा फोटोग्राफरचं सामान म्हणजे अख्खा संसार होता. १८५१ मध्ये आलेल्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचाही. त्यामुळे गावाबाहेर जायचं तर तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारा तंबू, सगळं बरोबर.

पुण्याच्या घरांत मात्र भिंतीवर आधी छापील चित्र आलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या चित्रशाळेत शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं निघत. रामपंचायतन काय, नाना फडणवीस काय. लोक ती चौकटीत बसवून घेत. मला वाटतं, फोटो पुढे आला तो याच चौकटीच्या सवयीवर स्वार होऊन. म्हणून तर रामाची तसबीर आणि आजोबांची तसबीर, दोन्हींना शब्द एकच. स्टुडिओतले रंगारी काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरायचे. पैठणीचे काठ, गालांवर जरा लाली. तो रंग माणसागणिक वेगळा लागायचा. आजच्या मगाला ती सर नाही.

मगाची खरी कळ १९५७ मधली. नोएल द प्लास या फ्रेंच तंत्रज्ञाच्या लक्षात आलं की काही रंग तापवले की न वितळता थेट वाफ होतात आणि कृत्रिम धाग्यात मुरतात. दुकानातलं मशीन तेच करतं. फोटो आधी कागदावर उलटा छापतात, तो कागद मगाला गुंडाळून १८० ते २०० अंशांवर काही मिनिटं दाबतात. रंग चिनीमातीत शिरत नाही, तिच्यावर दिलेल्या पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या थरात शिरतो. म्हणून मगाला तारेची घासणी लावली की त्यावरचं माणूस पुसट होत जातं. शुद्ध सुती टी-शर्टावर हा रंग धरतच नाही, तरी ‘कॉटनवरच छापून द्या’ असा हट्ट धरणारे असतातच.

मधला रिळांचा काळ झटक्यात गेला. घरोघरी आगफा क्लिक थ्री होता. एका रिळात बाराच फोटो, त्यामुळे प्रत्येक बटण जपून. ३५ मिलिमीटरच्या रिळाची काळी डबी फोटो धुऊन आल्यावर कुंकवाला किंवा सुट्ट्या नाण्यांना जायची. फोटोग्राफरकडून फुकट मिळणारी ती खरी भेटवस्तू!

आता उलट, फोटोग्राफरलाच काय द्यावं, हा प्रश्न असतो. लेन्सच्या आकाराचा मग सगळेच देतात. माझ्या एका मित्राकडे तसे तीन आहेत आणि तिन्हींत पेनं. त्याला हवं होतं वेगळंच. जूनमध्ये सिंहगड-तोरण्याच्या धुक्यातून फिरलेला कॅमेरा तसाच बॅगेत राहिला की लेन्सवर बुरशी धरते, आणि ती काचेवरचं पातळ कोटिंग खाते. जुन्या चामडी केसमध्ये तर ओल आणखी मुरते. घरची मंडळी सांगतात, ‘तांदळाच्या डब्यात ठेव.’ ठेवू नये, तांदळाची पूड फटींतून आत जाते. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, चाळीस-पन्नास टक्क्यांवर आर्द्रता राहते का ते पाहायला छोटा मापक आणि सिलिका जेल, एवढं पुरतं. यंदा त्याला तेच दिलं. जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात. दिवाळीपर्यंत त्याने ते दोनदा तापवले होते.