घर पाडण्याआधी फोटो कसे काढावेत
(जुन्या घराची त्रिमितीय प्रतिकृती करून घेणाऱ्यांसाठी)

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी आलात की घराचे फोटो निघतातच. तशाच साध्या मोबाइल फोटोंवरून आम्ही घराची त्रिमितीय प्रतिकृती बनवतो. ती स्क्रीनवर फिरवून बघता येते, ओटीवरून माजघरात शिरता येतं, उद्या सुताराला तसाच खांब करायचा झाला तर मापही मिळतं. महागडा कॅमेरा लागत नाही. फोटो मात्र जरा वेगळ्या पद्धतीने काढावे लागतात.

एसटीच्या खिडकीतून बघताना रस्त्याकडेचे खांब झरझर मागे जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. सगळं गणित यावरच चालतं. जांभ्याच्या चिऱ्याला भोकं असतात आणि एका चिऱ्याची भोकं दुसऱ्यासारखी नसतात. प्रोग्रॅम प्रत्येक फोटोत अशा हजारो खुणा शोधतो, तीच खूण पुढच्या फोटोत किती सरकली ते पाहतो आणि त्यावरून खूण कुठे आहे आणि फोटो कुठून काढला, या दोन्ही गोष्टी एकदमच काढतो. २००६ साली नोआ स्नेव्हली, स्टीव्हन साइट्झ आणि रिचर्ड झेलिस्की यांनी इंटरनेटवरच्या पर्यटकांच्या फोटोंवरून हे करून दाखवलं. २००९ मध्ये रोम शहराच्या दीड लाख फोटोंवर एका दिवसाच्या आत हेच काम झालं. तुमच्या घराला दोन-तीनशे फोटो पुरतात.

म्हणून चालत चालत फोटो काढा. खळ्याच्या मधोमध उभं राहून गोल फिरत काढलेल्या फोटोंत जवळचं आणि लांबचं सगळं सारखंच सरकतं, त्यामुळे अंतर कळत नाही. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाने आम्हाला असेच फोटो पाठवले. सुंदर होते, पण सगळे एकाच जागेवरून. आम्ही कळवलं तोवर घर उतरवून झालं होतं. त्या घराच्या पडवीचं आम्ही काहीच करू शकलो नाही, याचं आजही वाईट वाटतं. पद्धत आधी सांगायला हवी होती, म्हणून हे पत्रक.

एक पाऊल बाजूला, एक फोटो. मागच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्यातही दिसला पाहिजे. घराभोवती पूर्ण फेरी झाली की दुसरी फेरी जरा जवळून मारा. ओटीवरून माजघरात जाताना उंबरठ्यावर थांबून आतबाहेर दोन्ही दिसेल असे पाच-सहा फोटो जास्तीचे घ्या, नाहीतर बाहेरचं घर आणि आतलं घर जुळत नाही.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या खुणा असतात, ती उत्तम उतरते. चुना किंवा डिस्टेंपर मारलेली कोरी भिंत, गुळगुळीत फरशी, काच, विहिरीतलं पाणी हे जमत नाही. कोऱ्या भिंतीवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवा. मंगलोरी कौलं सगळी सारखीच दिसतात, म्हणून छपराच्या फोटोत माडाचं खोड किंवा भिंतीचा कोपरा येऊ द्या. वाऱ्याने हलणारी पानं फार नकोत.

उजेड ढगाळ असेल तर सर्वात चांगलं. वैशाखातल्या उन्हात सावल्या काळ्या पडतात आणि फेरी पुरी होईपर्यंत सरकतातही. पावसाने भिंत ओली असेल तर सुकू द्या. माजघरात फ्लॅश नको, कारण त्याची सावली कॅमेऱ्याबरोबर फिरते. मोबाइल स्टुलावर टेकवून फोटो घ्या.

नुसत्या फोटोंवरून घर खरं आहे की मखरातलं, हे कॉम्प्युटरला कळत नाही. आकार कळतो, माप कळत नाही. तुळशीवृंदावनाची रुंदी आणि मुख्य दाराच्या चौकटीची उंची टेपने मोजून लिहून पाठवा. चिरा अमुक लांबीचा असतो असं धरून चालू नका.

फोटो कापू नका, फिल्टर लावू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर बारीक होतात आणि लेन्सची नोंद पुसली जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. जे फोटोत नाही, ते प्रतिकृतीत येत नाही. ती जागा आम्ही कल्पनेने भरत नाही, रिकामीच ठेवतो.

फोटो आल्यावर कोणता कोपरा कमी पडतोय ते आम्ही लगेच कळवतो. म्हणून घर पाडायची तारीख ठरली असेल तर ती आधी सांगा, आणि मुंबईला परतायच्या निदान दोन दिवस आधी फोटो पाठवा. राहिलेले फोटो घ्यायला तेवढा वेळ पुरतो.