क्रीडा मानसशास्त्र : खेळाडूची मनोधारणा व प्रेरणा

शरीरक्षमता आणि कौशल्य जवळपास सारखे असलेल्या खेळाडूंमध्ये अटीतटीच्या क्षणी फरक पडतो, तो बऱ्याच अंशी अवधान, ताण पेलण्याची सवय आणि वर्षानुवर्षांच्या सरावाला टिकवून धरणारी प्रेरणा यांमुळे. या घटकांचा अभ्यास व त्यांचे प्रशिक्षण क्रीडा मानसशास्त्रात येते.

या शाखेच्या उगमाबद्दल एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांच्या १८९८ मधील निबंधापासून आरंभ करतात. एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्या सायकलपटूपेक्षा इतरांसोबत धावणारा अधिक वेग गाठतो, असे शर्यतींच्या नोंदींवरून त्यांना आढळले. पुढे त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला लावली. सोबत कोणी असताना निम्म्या मुलांचा वेग वाढला, १० मुले अतिउत्तेजित होऊन मागे पडली, तर उरलेल्या १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. २००५ मध्ये झालेल्या फेरविश्लेषणात हा परिणाम संख्याशास्त्रीय कसोटीवर जेमतेमच टिकला. शिवाय या प्रयोगाचा रोख सामाजिक वर्तनावर होता, खेळाडू घडवण्यावर नव्हता. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक प्येर द कुबेर्तँ यांच्या पुढाकाराने १९१३ मध्ये लोझान येथे भरलेली परिषद, १९२० च्या सुमारास बर्लिनमध्ये सुरू झालेली प्रयोगशाळा आणि त्याच दशकातील रूदिक व पूनी या मानसशास्त्रज्ञांचे सोव्हिएत रशियातील कार्य यांनाही आद्यत्वाचा मान दिला जातो. प्रयोगशाळा, अध्यापन आणि मैदान यांची सांगड मात्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कोलमन ग्रिफिथ यांच्या कामात अधिक स्पष्ट दिसते. १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात त्यांनी क्रीडासंशोधन प्रयोगशाळा उभारली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्यांना नेमले, परंतु संघाच्या व्यवस्थापकाने त्यांना दाद दिली नाही. क्रीडा मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना १९६५ मध्ये रोम येथे स्थापन झाली.

उत्तेजना ठरावीक मर्यादेपर्यंत उपकारक व त्यापुढे मारक असते, हा यर्क्स-डॉडसन नियम (१९०८) उंदरांवरील प्रयोगांतून आला. खेळाडूंना तो फार सढळपणे लावला गेला. प्रत्येक खेळाडूची अनुकूल उत्तेजनेची पातळी वेगळी असते, हे क्रीडा मानसशास्त्रज्ञ हानिन यांचे प्रतिपादन अधिक ग्राह्य वाटते. प्रेरणेबाबत डेसी व रायन या मानसशास्त्रज्ञांचा स्वयंनिर्णय सिद्धांत प्रभावी ठरला आहे. स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपलेपणा या गरजा भागल्या तर प्रेरणा आतून टिकते. बक्षिसाचा वापर नियंत्रणासाठी झाला, तर ती ओसरूही शकते. म्हणूनच सामन्याआधीच्या आवेशपूर्ण भाषणापेक्षा प्रशिक्षकाचे रोजचे वागणे महत्त्वाचे ठरते.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात श्वासनियंत्रण, कल्पनाचित्रण (कृती मनात डोळ्यांसमोर आणणे), स्वसंवाद (स्वतःशी बोलणे) आणि कृतीआधीचा ठरलेला पूर्वक्रम यांवर भर असतो. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. नेमबाज पावले जुळवतो, गाल रायफलला टेकवतो, श्वास हळूहळू सोडून थोडा रोखतो आणि खटका दाबतो. नेम स्थिरावला नाही तर रायफल खाली घेऊन सारा क्रम पहिल्यापासून करतो. खटका न दाबण्याचा हा निर्णयही सरावानेच अंगी बाणतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेत गिरकी घेताना शरीराच्या स्थितीचे भान राहीनासे झाले आणि तिने बहुतेक प्रकारांतून माघार घेतली. त्यानंतर खेळाडूच्या मनःस्वास्थ्याची चर्चा कामगिरीच्या पलीकडे गेली.

महाराष्ट्रात तालमींमध्ये खुराक, मेहनत आणि वस्तादाचा शब्द यांतून मनाची घडण पूर्वापार होत आली आहे. आधुनिक काळात नाशिकचे भीष्मराज बाम (मृत्यू २०१७) यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. पोलीस सेवेतील या अधिकाऱ्याने योगाभ्यास व एकाग्रतेच्या तंत्रांची जोड देऊन अंजली भागवत यांच्यासह अनेक नेमबाजांना आणि राहुल द्रविड यांनाही मार्गदर्शन केले. भारतीय क्रिकेट संघासोबत पॅडी अप्टन यांनी २००८ ते २०११ या काळात मानसिक तयारीचे काम पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीच्या सुरुवातीला तो पदकांच्या स्थानाबाहेर होता.